पत्रा, कागद आणि फियाट

जुन्या मोटारींच्या जतनाविषयी आपल्याकडे जे काही लिहिले आणि बोलले जाते, त्यात संस्थानिकांच्या मोटारखान्यांतून निघालेल्या रोल्स-रॉइस आणि पॅकार्ड गाड्यांचे वर्णन इतके विपुल असते की, ज्या मोटारींनी डॉक्टर-वकिलांची, कापसाच्या अडत्यांची आणि मुंबईच्या अगणित उतारूंची दोन पिढ्या अखंड सेवा केली, त्यांनाही जतनाचा काही हक्क असू शकतो ही कल्पना बहुतेकांच्या मनाला शिवत नाही. राजाची मोटार टिकते, कारण तिच्यामागे द्रव्य उभे असते. सामान्य गृहस्थाची मोटार भंगाराच्या काट्यावर किलोच्या भावाने मोजली जाते. रिसोड तालुक्यातील रिठद या आमच्या गावी ट्रॅक्टर आणि पंप यांच्या दुरुस्तीची कर्मशाळा चालवीत असताना मी पुनरुज्जीवनासाठी जी पहिली मोटार विकत घेतली, ती या दुसऱ्या वर्गातली होती. ती होती प्रीमियर पद्मिनी, जिला वऱ्हाडात काय आणि मुंबईत काय, सारे लोक फियाट म्हणूनच ओळखतात.

या मोटारीची कुळकथा महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाशी निगडित आहे. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकन बनावटीच्या गाड्यांची जोडणी होत असे, आणि पुढे इटलीतील फियाट कंपनीशी झालेल्या करारान्वये तिच्या ११०० मालिकेतील मोटारी तेथे तयार होऊ लागल्या. १९५३ साली इटलीत अवतरलेल्या त्या मालिकेत कालमानाप्रमाणे फेरबदल होत होत १९७०च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव प्राप्त झाले, आणि मूळ देशात तिचे उत्पादन बंद पडून दशके लोटली तरी कुर्ल्याहून ती शतकाच्या अखेरीपर्यंत बाहेर पडत राहिली. परवान्यांच्या त्या काळात नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावाचून मोटार हाती येत नसे. त्यामुळे ज्या घरी ती आली त्या घरी तिचे दस्तऐवज दागिन्यांच्या तिजोरीतच राहिले, आणि ही गोष्ट पुढे मला फार उपयोगी पडली.

माझे रोजचे काम दुरुस्तीचे. मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला, आणि अशा दिवशी एखाद्याच्या ट्रॅक्टरची लिफ्ट पेरणीयंत्र उचलीनाशी झाली, तर त्या शेतकऱ्याचे सारे वर्ष माझ्या हातातील पान्यावर अवलंबून असते. तेथे मूळ भागाऐवजी दुसऱ्या कंपनीचा ऑइल सील बसवावा लागला, मोडलेल्या ब्रॅकेटच्या जागी लोखंडी पट्टी जोडून द्यावी लागली, तरी सायंकाळपर्यंत ट्रॅक्टर वावरात पोहोचविणे हेच कर्तव्य ठरते, आणि त्यात कमीपणा आहे असे मला कधीही वाटले नाही. परंतु पुनरुज्जीवनाचा प्रश्न अगदी वेगळा असतो: हे यंत्र ज्या दिवशी कारखान्यातून निघाले त्या दिवशी हा बोल्ट कसा होता, ही तार कोणत्या मार्गाने गेली होती, हा पत्रा कोठे दुमडलेला होता? वेळेच्या दडपणाखाली वाढलेल्या कारागिराला हा प्रश्न विचारण्याची सवय नसते. ती सवय लागावी, एवढ्याच हेतूने मी या उद्योगात पडलो. गाडी विकून नफा मिळवावा हा हेतू त्यात नव्हता, आणि ज्याचा तसा हेतू असेल त्याने स्वस्त मोटारीच्या वाटेस जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिच्यावर होणारा खर्च तिच्या बाजारभावाला केव्हाच मागे टाकतो.

कोणती मोटार घ्यावी, याचा मी बराच काळ विचार केला. आमच्या भागात जीप सर्वांत परिचित. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपची जोडणी सुरू केली तेव्हापासून सरकारी खाती, पुढारी आणि नंतर वडाप करणारे, सर्वांनीच ती वापरली. तिची चासी शिडीसारखी स्वतंत्र असते, वरचा पत्रा सपाट असतो, आणि नवशिक्याला ती सोयीची पडते यात शंका नाही. परंतु आज ज्या जीप विक्रीस येतात त्यांपैकी बहुतेकींचे इंजिन कधीच बदललेले असते, टप नव्याने घडविलेला असतो, आणि नोंदणीपुस्तकातील वर्णनाशी प्रत्यक्ष वाहनाचा मेळ बसत नाही. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ स्वरूपात विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केल्यानंतर अशी गाडी घेणे म्हणजे पैसे देऊन तंटा घेण्यासारखेच आहे. अँबॅसिडर भक्कम खरी, पण ती अंगाने मोठी, आणि माझ्या शेडमध्ये तिच्या चारही बाजूंनी फिरावयास जागा उरली नसती. फियाटच्या पक्षी निर्णय झाला तो तिच्या सामान्यत्वामुळे. जी मोटार रस्त्यावर सर्वत्र होती, तिचे सुटे भाग कोठे ना कोठे शिल्लक असतात, तिच्यावर हात चालविलेला एखादा वृद्ध मिस्त्री प्रत्येक तालुक्यात सापडतो. दुर्मिळ मोटार पहिल्या हाताला वर्ज्य समजावी. तिच्या एका काचेसाठी वर्ष जाते, आणि तेवढ्यात माणसाचा उत्साह गंजतो.

मात्र फियाटच्या बांधणीत एक गोष्ट आहे, जी जीपवर शिकलेल्या माणसाला सहसा ठाऊक नसते. तिला वेगळी चासी नाही. फरशीचा पत्रा, दरवाजांच्या खालून जाणाऱ्या पत्र्याच्या बंद पेट्या, मधले खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. म्हणून जीपचा फरशीपत्रा सडला तर पाय ओले होतात, परंतु फियाटच्या त्या पेट्या सडल्या तर मोटारीचा कणाच जातो. इंजिन घोंघावते की नाही, रंग चमकतो की नाही, यांकडे पाहून जुनी मोटार घेणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. इंजिन म्हणजे कितीही झिजले तरी मापाने परत मिळणारी वस्तू आहे. पत्रा गेला तर तो एकेक वीत नवा घडवावा लागतो. तेव्हा पत्रा प्रथम, कागद त्याच्या बरोबरीने, आणि यंत्र सर्वांत शेवटी, हा क्रम मी मनाशी पक्का करून मग शोधास लागलो.

गाडी मिळाली ती वाशिमच्या एका दिवंगत डॉक्टरांच्या घरी, मागच्या अंगणातील टिनाच्या शेडखाली. अलीकडे पऱ्हाटी रचलेली, पलीकडे सोयाबीनच्या कुटाराचा ढीग, आणि मधोमध चारही चाकांवर बसलेली ती मोटार. मुंबईच्या टॅक्सीचा पत्रा खाऱ्या हवेने खालून पोखरलेला असतो. आमच्याकडील हवा वर्षाचे सात-आठ महिने इतकी कोरडी असते की उघड्या माळावर राहिलेले लोखंडही वरवरच तांबूस होते. ही मोटार जन्मभर वऱ्हाडात फिरलेली होती, आणि हा तिचा सर्वांत मोठा गुण. तरीही कुटार जेथे तिच्या अंगाशी टेकले होते, तेथे पावसाळ्याचा ओलावा धरून ठेवल्यामुळे उजव्या बाजूची पेटी मागील चाकाजवळ जाळीदार झालेली आढळली. मी गाडी पुसू दिली नाही, धुऊ दिली नाही. धुतलेल्या जुन्या मोटारीवर तेल कोठून झिरपते आणि पाणी कोठे मुरते याच्या खुणा राहत नाहीत. कापडात गुंडाळलेला लोहचुंबक अंगावरून फिरविला की, जेथे तो पकड सोडतो तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे हे कळते. आणि खालून पेचकसाचे टोक दाबत गेले की, रंगाच्या पापुद्र्यामागे धातू आहे की नुसता गंज, याचा निवाडा लागतो. डाव्या मडगार्डाखेरीज सर्वत्र पत्रा मूळचा निघाला.

डॉक्टरीणबाई ओसरीवरून हे सर्व पाहत होत्या. किमतीचा विषय मी काढण्यापूर्वी त्याच म्हणाल्या, "भाऊ, भंगारात घालायची असती तर कधीच घातली असती. चालती करणार असाल तर न्या." ठरलेली रक्कम बऱ्यापैकी जुन्या दुचाकीच्या किमतीएवढी होती. मी इसार दिला, परंतु उरलेली रक्कम कागद पुरे झाल्यावर द्यावी आणि तोवर ताबा घेऊ नये, अशी अट मीच घातली, कारण जुन्या मोटारीच्या व्यवहारात विक्रेत्याच्या सज्जनपणाइतकीच दफ्तराची शुद्धता आवश्यक असते.

कागदांचे प्रकरण विस्ताराने सांगण्याजोगे आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, आणि त्यापुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून विभक्त झाला, आणि ही मोटार त्यापूर्वीची असल्यामुळे तिची मूळ नोंद अकोल्याच्या दफ्तरी होती. मालक मृत झालेले, वारसांपैकी एक पुण्यास आणि एक परदेशी. अशा वेळी साध्या खरेदीविक्रीचे नमुने पुरत नाहीत. प्रथम मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमतिपत्रे जोडून नमुना ३१ अन्वये मोटार एका वारसाच्या नावे व्हावी लागते, आणि त्यानंतरच ती खरेदीदाराच्या नावे चढू शकते. चासी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून त्याचा ठसा घ्यावयाचा, तो नोंदणीपुस्तकातील क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. इंजिन क्रमांकाचेही तसेच. येथे ती तिजोरी कामास आली: मूळ पुस्तक, कराच्या पावत्या, विम्याचे कागद, सारे काही एका कापडी पिशवीत सुरक्षित होते. पर्यावरण कर आणि नूतनीकरणाचे शुल्क भरावे लागतेच. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी ते २०२२च्या एप्रिलपासून बरेच वाढले आहे, आणि खरेदीच्या हिशेबात ही रक्कम न धरणारा माणूस पुढे फार कष्टी होतो. पन्नास वर्षे पुरी झालेल्या मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र नियम करून त्यांच्या क्रमांकात व्ही ए ही अक्षरे घालण्याची तजवीज केली आहे. परंतु त्या नोंदणीची मोटार नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, आणि मला तर ही मोटार रिठदहून वाशिमला कामासाठी नेता यावी अशीच इच्छा होती.

मोटार गावात आली तेव्हा कर्मशाळेत नेहमी बसणारे एक वयस्क शेतकरी तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "भाऊ, हे डबडं काऊन आनलं?" मग क्रमांकाची पाटी पाहून ते थबकले. त्यांच्या थोरल्या मुलाला लहानपणी सर्पदंश झाला असता हेच डॉक्टर याच गाडीतून रात्री आले होते, आणि मुलाला मागच्या आसनावर घालून वाशिमला घेऊन गेले होते. त्या दिवसानंतर तिला डबडे म्हणणारा माणूस माझ्या कर्मशाळेत उरला नाही. सामान्य मोटारीला जतनाचा हक्क आहे असे मी म्हणतो, ते या अर्थाने. एखाद्या परगण्याचे आरोग्य, व्यापार आणि न्यायदान ज्या वाहनांवरून चालले, ती सारी वितळवून टाकल्यावर त्या काळाचे स्मरण आपण कशाच्या आधाराने करणार आहोत?

प्रत्यक्ष कामात सुटे करणे सर्वांत सोपे वाटते, आणि तेथेच शिस्तीची परीक्षा होते. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, प्रत्येक बोल्टाची वेगळी पुडी, पुडीवर जागेचे नाव, आणि वहीत काढण्याचा क्रम; माझ्या हाताखालच्या मुलाने ही वही इतक्या निष्ठेने लिहिली की जोडणीच्या वेळी ती उलटी वाचत जाणे एवढेच उरले. इंजिन दीर्घकाळ उभे राहिल्यामुळे जाम होते. अशा इंजिनला बॅटरीने किंवा ढकलून फिरविण्याचा मोह आवरावा; प्लग काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण ओतावे, ते रिंगांपर्यंत झिरपू द्यावे, आणि क्रँकच्या नटाला पाना लावून एकदा इकडे, एकदा तिकडे, केसभर हलवीत राहावे. ते सुटले तेव्हा मला झालेला आनंद नवा ट्रॅक्टर पाहूनही होत नाही. १०८९ घनसेंटिमीटरचे हे चार सिलिंडरांचे यंत्र फार प्रामाणिक आहे. त्यात लपविलेले असे काही नाही. ब्लॉक अकोल्याला बोअर करून आणला, त्या मापाचे पिस्टन आणि रिंगा घातल्या, वॉल्व्ह घासून बसविले. आयुष्यभर डिझेलवर काम केलेल्या मला सी. बी. पॉइंटमधील फट आणि ठिणगीची वेळ यांचे शास्त्र नव्याने शिकावे लागले, आणि ते मला वाशिमच्या एका निवृत्त टॅक्सीचालकाने शिकविले, जो कान देऊन वेळ जुळवीत असे आणि नंतर दिव्याने तपासले असता ती बरोबर निघत असे.

पत्र्याचे काम मात्र मी कोणावर सोपविले नाही. उजवी पेटी कापावयाची म्हणजे सांगाड्याचा एक आधार काढून घ्यावयाचा. तो काढताच मोटार मधोमध किंचित खचते, आणि त्या अवस्थेत नवी पेटी जोडली तर पुढे दरवाजे जन्मात नीट लागत नाहीत. म्हणून दरवाजांच्या चौकटीत आधी लोखंडी नळ्या आडव्यातिडव्या जोडून घेतल्या, मोटार चारही ठिकाणी सपाट टेकविली, दरवाजा लावून सर्व बाजूंची फट मोजली, आणि मग कटाईस हात घातला. सडलेल्या भागापेक्षा चार बोटे अधिक कापावे लागते, कारण गंज दिसतो त्याच्या पुढे गेलेला असतो. नवा पत्रा हाताने वाकवून मूळ पेटीच्या दुमडी हुबेहूब उतरविल्या. जोड सलग न देता ठिपक्या-ठिपक्यांनी, एकदा या टोकास तर एकदा त्या टोकास दिला, म्हणजे उष्णतेने पत्रा पीळ धरीत नाही. बाहेरून ही पेटी कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. आतून रेड ऑक्साइड आणि वरून मेण ओतून मी तिला बंद केले, आणि या सबंध मोटारीत मला सर्वांत अधिक समाधान देणारा भाग कोणता असे कोणी विचारल्यास मी तिच्याकडेच बोट दाखवितो.

रंगासाठी ऋतूची वाट पाहिली. पावसाळ्यात जुन्या पद्धतीचा रंग मारला तर हवेतील आर्द्रता त्यात अडकून त्यावर पांढुरकी छटा उमटते. चैत्र-वैशाखात रंग पत्र्यावर पोहोचण्याआधीच सुकू लागतो. आणि हिवाळ्यात तुरीची काढणी चालू झाली की शिवारातली धूळ कशालाही सोडीत नाही. मार्गशीर्षातील, तूर उभी असतानाचे दिवस, ऊन वर आल्यानंतर आणि वारा सुटण्यापूर्वीचा प्रहर, एवढीच योग्य वेळ. मूळ रंग दरवाजाच्या अस्तराखाली जसाच्या तसा राहिलेला होता, फिकट दुधी. तोच जुळवून घेतला, जरी मला भेटलेल्या प्रत्येक तरुणाने लाल रंगाचा आग्रह धरला होता.

सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी मार्गावरील आणि चोर बाजारातील दुकानांतून मिळाले. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर त्यांच्यासाठी दुकानदार माल ठेवीत, आता उरलेला साठाच काय तो आहे, म्हणून काचेभोवतीची रबरे, ब्रेकचे सिलिंडर, दिव्यांच्या काचा हे सर्व मी लागण्यापूर्वीच घेऊन ठेवले. पेट्रोलमध्ये आता इथेनॉलचे प्रमाण वाढले आहे, आणि ते जुन्या रबराला मानवत नाही, शिवाय ओलावा ओढून टाकी आतून गंजवते. यास्तव पेट्रोलच्या साऱ्या नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या प्रकारच्या रबराचा घातला. मूळ स्वरूपाशी केलेली ही एकमेव तडजोड, आणि ती मी विचारपूर्वक केली, कारण मोटार चालती राहावी हे त्या घराला दिलेले वचन होते. स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर काढून तो खाली बसवावा, वातानुकूलन घालावे, रुंद टायर चढवावेत, असे सल्ले मिळाले. ते स्वीकारले असते तर मोटार कदाचित अधिक सुखावह झाली असती, परंतु डॉक्टरांनी चालविली ती मोटार मग राहिली नसती.

नोंदणीचे नूतनीकरण झाल्यावर डॉक्टरीणबाईंना त्यांच्याच मोटारीतून मी बालाजी मंदिरापर्यंत नेऊन आणले. तेव्हापासून परिसरातून विचारणा होऊ लागली आहे. मालेगाव तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांनी गोठ्यात उभी असलेली आपली अँबॅसिडर पाहावयास बोलाविले आहे, आणि तिच्यासाठी शेडची एक भिंत मागे सरकविण्याचे काम मी काढले आहे. तूर निघाली की जाईन. तोपर्यंत गाडी मुळीच धुऊ नये, आणि नोंदणीपुस्तक तेवढे शोधून ठेवावे, असा निरोप त्यांना पाठविला आहे.